बोर्डकाका

दिल्लीतला मराठी माणूस खात्याच्या नावाने ओळखला जातो. 'ते रेल्वेतले', 'हे कृषी भवनातले', 'तिसऱ्या मजल्यावरच्या त्या आकाशवाणीतल्या'. माणूस निवृत्त होतो, नातवंडं खेळवायला लागतो, पण नावाला चिकटलेलं खातं काही सुटत नाही. गाझियाबादच्या वसुंधरा भागातल्या आमच्या सोसायटीत मात्र एक गृहस्थ असे आहेत, की त्यांच्याआधी त्यांचं खातंच निवृत्त झालं. डीजीएस अँड डी, म्हणजे पेनपासून मोटारीपर्यंत सरकारला लागणाऱ्या वस्तूंचे दर ठरवणारं खरेदीचं महासंचालनालय, 31 ऑक्टोबर 2017 ला बंद झालं. सगळी खरेदी 'जेम' नावाच्या पोर्टलवर गेली. काकांनी उरलेले महिने दुसऱ्या एका खात्यात, दुसऱ्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर काढले आणि घरी आले. निरोपसमारंभात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, दर मागवायला मात्र काही उरलं नाही.

मग त्यांना मदरबोर्ड सापडला.

सोसायटीत त्यांना बोर्डकाका म्हणतात. नव्या भाडेकरूला वाटतं, रेल्वे बोर्डात असतील, नाहीतर मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेत काही घोळ असेल तर यांना भेटावं. एक बाई खरंच भेटून गेल्या. त्यांना काकांनी चहा पाजला आणि तासाभराने त्या मुलाच्या गुणांविषयी अक्षर न काढता, पण बोर्डावर एसएसडी बसवायचे एम-डॉट-टूचे खाचे दोन असावेत की तीन याविषयी बरंच काही समजून परत गेल्या.

मूळ प्रकरण साधं आहे. काकांना एक छोटा कॉम्प्युटर हवा आहे. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, गौरीचे मुखवटे ठेवतात त्याच्या खालच्या खणात मावेल एवढा. कामं काय? मंडळाच्या गणेशोत्सवाचा हिशोब, स्मरणिकेचं मराठी टायपिंग, बेंगळुरूच्या मुलीशी व्हिडिओवर बोलणं आणि रात्री जेवणानंतर नाट्यगीतं. एवढ्याला कुठलाही बोर्ड चालेल, हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायचं नाही. एकदा त्यांच्या जावयाने उच्चारलं. तो आता कामाचा फोन सासूला करतो.

त्यांचा सध्याचा कॉम्प्युटर 2008 सालचा. कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि इंटेलचा स्वतःचा डीजी-31-पीआर बोर्ड. कॅबिनेट एवढं मोठं, की काकूंनी त्यावर बरीच वर्षं इस्त्रीचे कपडे ठेवले. तो काळ काका हळवे होऊन सांगतात. तेव्हा तुलना नव्हती. नेहरू प्लेसला जायचं, 'इंटेल का ओरिजिनल' म्हणायचं, निळा खोका घ्यायचा, बिल घ्यायचं, घरी यायचं. जानेवारी 2013 मध्ये इंटेलने जाहीर केलं, की डेस्कटॉपचे बोर्ड बनवणं आम्ही थांबवतो आहोत. तिथून काकांच्या घरात तैवान आलं.

म्हणजे चार कंपन्या आल्या. गिगाबाईट आणि एमएसआय 1986 च्या, असूस 1989 ची, आणि असरॉक ही 2002 मध्ये असूसमधूनच वेगळी निघालेली. ती आता पेगाट्रॉनच्या घरात आहे आणि पेगाट्रॉनसुद्धा मूळची असूसचीच. हे नातं काकांना सोलापूरकडच्या स्वतःच्या चुलतभावांपेक्षा जास्त पाठ आहे. बायोस्टारचं नाव काढलं तर ते "तीही आहे" म्हणतात आणि मान हलवतात, पत्रिका न जुळलेल्या स्थळाबद्दल हलवावी तशी.

चारही घरं एकाच गावची, चारही जणी चिप्स एएमडी नाहीतर इंटेलच्या लावणार, आवाजाची चिप बहुतेक वेळा रियलटेकची, आणि बोर्ड सुरू होताना जो बायोस उठतो तो बहुतेक एएमआयचा. एएमआय म्हणजे अमेरिकन मेगाट्रेंड्स. 1985 मध्ये सुब्रमणियन शंकर यांनी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात काढलेली कंपनी, जिचं मोठं काम चेन्नईतही चालतं. "मग यात तुलना करायची कशाची?" असं मी एकदा विचारलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तीच तर मजा आहे," म्हणाले. "फरक मोठा असेल तर तुलना कोणीही करील. शिपायालाही जमेल."

त्यांच्या खांद्यावरच्या रेक्झिनच्या पिशवीत एक प्लॅस्टिकचं फोल्डर असतं आणि त्यात एक पुठ्ठा. शर्टाच्या खोक्याचा, बरोबर 17 सेंटिमीटर बाय 17 सेंटिमीटर कापलेला. व्हिया नावाच्या, पुन्हा तैवानच्याच, कंपनीने 2001 मध्ये मिनी-आयटीएक्स नावाचं हे माप काढलं. त्याच्याआधीचा इंटेलचा एटीएक्स बोर्ड साडेतीस सेंटिमीटर लांब, मायक्रो-एटीएक्स जवळजवळ साडेचोवीसचा चौकोन, आणि हा सतराचा. पुठ्ठ्यावर काकांनी स्केचपेनने सगळं काढलं आहे. मधोमध प्रोसेसरचं घर, बाजूला रॅमचे दोन खाचे, खाली ग्राफिक कार्डाचा एकुलता एक लांब खाचा, चार कोपऱ्यांना स्क्रूची चार भोकं. भोकं पंचिंग मशीनने पाडलेली आहेत आणि त्यांवर फायलीत लावतात त्या गोल पांढऱ्या चकत्या चिकटवल्या आहेत, फाटू नयेत म्हणून. हा पुठ्ठा त्यांनी शोकेसच्या खणात ठेवून पाहिला आहे, टीव्हीच्या मागे धरून पाहिला आहे, काकू पोळ्या लाटत असताना पोळपाटावर ठेवून पाहिला आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये तालकटोरा स्टेडियमवर अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन झालं. दिल्लीत 1954 नंतर पहिल्यांदाच. आम्ही सगळे तारा भवाळकरांचं भाषण ऐकायला गेलो. काका पुस्तकांच्या दालनातून मोठ्या आनंदात बाहेर आले. पुस्तक नव्हतं घेतलं. नागपूरच्या एका माणसाची ओळख झाली होती, त्याच्याकडे असरॉकचा डेस्कमिनी नावाचा छोटा कॉम्प्युटर होता.

आता काकांचा तुलनेचा तक्ता. लीगल साइझच्या कागदावर, आडवा. वर चार कंपन्या, डावीकडे बाबी, उजवीकडे शेवटचा रकाना 'शेरा'. बाबी कशा, तर मागच्या बाजूला यूएसबी किती. वायफाय बोर्डावरच आहे का. मागची पत्री बोर्डालाच बसवलेली आहे की सुटी येते (सुटी पत्री बसवताना बोट कापतं, हे शेऱ्यात). बायोस बिघडला तर प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून भरता येतो का. विंडोज 11 ला लागणारं टीपीएम 2.0 आहे का. वॉरंटी तीन वर्षं, पण तीन वर्षं कुठून मोजायची, बिलाच्या तारखेपासून की खोक्यावरच्या. असूसच्या बी-650-ई-आयसमोर लिहिलं आहे: 'ई म्हणजे ग्राफिक कार्डाचा खाचा पाचव्या पिढीचा. आपल्याकडे ग्राफिक कार्ड नाही. तरी नोंद.' गिगाबाईटच्या बी-650-आय ऑरस अल्ट्रासमोर: 'एम-डॉट-टू तीन. पैकी मागच्या बाजूचे काढायचे तर सगळं उलटं करावं लागेल. करणार कोण?' हा शेवटचा प्रश्न काकूंकडे बघून लिहिलेला असावा.

पण त्या तक्त्यातली अस्सल काकांची बाब म्हणजे 'वसुंधरा तापमान'. इथे मी त्यांच्यापुढे हात टेकतो, कारण माणूस बरोबर आहे. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, बोर्डाला 12 व्होल्ट देतो. प्रोसेसरला लागतात एक-सव्वा. मधलं उतरवण्याचं काम प्रोसेसरच्या शेजारी रांगेने बसलेली छोटी सर्किटं करतात, त्यांना फेज म्हणतात. जितक्या फेज जास्त तितका भार वाटला जातो आणि जो तो कमी तापतो. मोठ्या बोर्डावर त्यांना हातपाय पसरायला जागा असते. सतराच्या चौकोनात सगळेच एकमेकांच्या मांडीवर. तारांचे मार्ग काढायला बोर्डाचे थर वाढवावे लागतात, अनेकदा आठ-दहा, म्हणून लहान बोर्ड मोठ्यापेक्षा महाग. आता हे बोर्ड तपासणारे लोक तपासतात कुठे? एसीच्या खोलीत, वीस-बावीस अंशांत. आणि फेज तापतात त्या भोवतालच्या हवेच्या वर. म्हणजे त्यांच्याकडे जो बोर्ड सत्तरला थांबतो, तो वसुंधरेत मे महिन्यात, कूलर लावून अडतीस झालेल्या खोलीत, शोकेसच्या काचेआड पंच्याऐंशी-नव्वदला जाणार. काकांनी प्रत्येक आकड्यात सोळा मिळवून नवा रकाना काढला आहे. कुठल्या तपासणाऱ्याने खोलीचं तापमान सांगितलं नसेल, तर शेरा: 'माहिती अपूर्ण. परत.'

29 मे 2024 ला मुंगेशपूरच्या केंद्रावर 52.9 अंश नोंदले गेले आणि सगळी दिल्ली हादरली. तेव्हा फक्त काका शांत होते. "सेन्सर कुठला आहे ते बघा आधी." पुढे हवामान खात्यानेच सांगितलं, की तो सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. त्या आठवड्यात काका सोसायटीत जरा ताठ चालत होते.

वसुंधरेहून ई-रिक्षाने वैशाली, वैशालीहून निळ्या मेट्रोने मंडी हाउस, तिथे गाडी बदलून जांभळ्या मार्गाने नेहरू प्लेस. ही त्यांची वारी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि त्याच्या वडिलांनी मशीन जोडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा काकांबरोबर मीही गेलो. स्टेशनातून बाहेर पडल्यापासून चौकात पोचेपर्यंत लॅपटॉप रिपेअर, कार्ट्रिज, अँटिव्हायरस असा जयघोष चाललेला असतो. कोणी काकांना विचारत नाही. ओळखतात. एका बाजूला कापडाची दुकानं, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरची, मधे छोले-कुलच्याची गाडी. तिथून जिना चढून पहिल्या मजल्यावरचं दुकान. छतापर्यंत खोके, काचेच्या काउंटरवर बबल रॅपचा ढीग, आणि गल्ल्यावर सरदारजी.

"आओ जी काका जी," ते म्हणाले, "आज कौन-सा बोर्ड नहीं लेना?"

काका ओशाळले नाहीत. पिशवीतून फोल्डर काढलं, फोल्डरमधून पुठ्ठा, आणि तो काचेवर ठेवला, पुजाऱ्यासमोर पत्रिका ठेवावी तसा. मग एकदम आठवल्यासारखं करून परत आत घातला. "आज मेरा नहीं, बच्चे का है."

आणि मग मी एक वेगळाच माणूस पाहिला. मुलाच्या डोक्यात मिनी-आयटीएक्सच होता, काकांच्या सहवासाचा परिणाम. काकांनी त्याला तिथल्या तिथे उडवून लावलं. "तुला काय करायचाय तो? दोनच खाचे रॅमचे. उद्या कॉलेजची सॉफ्टवेअरं रॅम मागतील, मग जुनी काढून टाकशील? मायक्रो-एटीएक्स घे. चार खाचे, हवा खेळती, आणि पैसे वाचतात ते मॉनिटरला लाव." गिगाबाईट आणि एमएसआय असे दोन खोके काउंटरवर आले. काकांनी दोन्हींच्या फेज विचारल्या नाहीत, पाहिल्या. एक बाजूला सारला. दुसरा उघडायला लावला. प्रोसेसरच्या घरावरचं काळं झाकण काढलं आणि पिशवीतून भिंग बाहेर आलं, तिकिटं जमवणाऱ्यांचं असतं ते. एएमडीच्या एएम-5 जातीच्या घरात 1718 पिना असतात, केसापेक्षा बारीक, आणि त्यातली एक जरी वाकलेली निघाली तर दुकानदार म्हणतो तुम्ही वाकवली, तुम्ही म्हणता दुकानदाराने. काकांनी भिंग तिरपं धरलं. ओळीने सगळ्या पिनांवर एकसारखी चमक दिसली पाहिजे, जिथे चमक तुटते तिथे वाकलेली. डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली. मागे मेरठहून आलेलं एक गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं. तेही थोड्या वेळाने वाकून बघायला लागलं.

"ठीक है. बिल काटिए, जीएसटी के साथ."

मग भाव. काकांनी खिशातून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा कालचा दर काढला, डोंबिवलीच्या भाच्याने पाठवलेला. सरदारजींनी मुंबईचं भाडं जोडलं. काकांनी वजा केलं. दहा मिनिटांत सगळं आटोपलं आणि सरदारजींनी कागदी कपातला चहा मागवला, जो ते काकांना नेहमीच देत असणार.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "मग तुमचं कधी?"

"माझं प्रकरण विचाराधीन आहे," काका म्हणाले.

हे प्रकरण कसकसं विचाराधीन राहिलं, याचाही इतिहास आहे. मध्ये त्यांचा जीव इंटेलच्या नकवर बसला होता. चार इंचांचा चौकोन, तळहातावर मावणारं यंत्र. तक्ता तयार, शेरे तयार, आणि जुलै 2023 मध्ये इंटेलने नकचाही नाद सोडला, पुढचं काम असूसकडे गेलं. मग लहान कॅबिनेटं आली. ती लिटरमध्ये मोजतात. काका जेवताना "सात लिटरचं चांगलं, पाच लिटरच्यात पंखा बसत नाही" असं काहीतरी बोलले आणि काकूंना वाटलं, एकदाचा कूलर बदलायचं मनावर घेतलं. मग मुलगी म्हणाली, मॅक मिनी घ्या. 2024 च्या शेवटी आलेलं नवं मॉडेल, पावणेतेरा सेंटिमीटरचा चौकोन, तेव्हाची किंमत एकोणसाठ हजार नऊशेपासून. खणात मावतो, आवाज करत नाही, तापत नाही. काकांनी फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. "चांगला आहे," म्हणाले. "पण आत सगळं त्यांचंच. रॅम त्यांची, बोर्ड त्यांचा, प्रोसेसर त्यांचा. सिंगल टेंडर." हा शब्द त्यांनी अशा आवाजात उच्चारला, की मुलीने विषय बदलला. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा आधार संपला. आता घेतलाच पाहिजे म्हणेपर्यंत एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी जगातली रॅम ओढून नेली आणि भाव चढले. "आत्ता घेणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा," काका म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी क्वचितच पाहिला आहे.

लोक याला कंजूषपणा म्हणतात. मला ते पटत नाही. त्याच सोसायटीत काकांनी लिफ्टच्या दुरुस्तीला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त पैसे दिले. कंजूष माणूस स्वस्तातलं घेऊन मोकळा होतो. माझं मत असं आहे, की काकांनी सगळी नोकरी तक्ते मांडण्यात घालवली. खाली 'आदेशार्थ सादर' लिहायचं आणि फाइल वर पाठवायची. सही वरचा साहेब करायचा. चूक झाली तर साहेबाची, बरोबर आलं तर साहेबाचं. खालच्या मजल्यावरच्या मुलाचा बोर्ड त्यांनी दहा मिनिटांत घेतला, कारण पैसे आणि मंजुरी मुलाच्या वडिलांची होती. स्वतःच्या फायलीवर सही करणारा साहेब त्यांना घरात सापडत नाही. गंमत म्हणजे 2017 ची सरकारी वित्तीय नियमावली त्यांना तोंडपाठ आहे, आणि तिच्या मूळ नियम 154 मध्ये म्हटलं होतं की पंचवीस हजारांपर्यंतचा माल दरपत्रकं न मागवताच घेता येतो. यादीतले निम्मे बोर्ड त्याच्या आत बसतात. म्हणजे भारत सरकारनेही एवढी चौकशी केली नसती. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला प्रमाणपत्र लागतं. खरेदी करणाऱ्याने लिहून द्यावं लागतं की माझी वैयक्तिक खात्री झाली आहे. माझी कुठे झाली आहे?"

ही गोष्ट मी काकूंच्या कानावर घातली. काकू गणिताच्या शिक्षिका होत्या आणि त्यांना फाइल, सादर, विचाराधीन यातलं काही कळत नसलं तरी कागद तपासणं कळतं. एका रविवारी त्यांनी तो तक्ता मागून घेतला. लाल पेन काढलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या शेऱ्यापर्यंत वाचला. सोळाची बेरीज दोन ठिकाणी चुकली होती, ती दुरुस्त केली. कोपऱ्यात '8/10, अक्षर सुधारा' लिहिलं. मग एका बोर्डाभोवती गोल काढला, खाली 'मंजूर' लिहून सही ठोकली, तारीख घातली आणि कागद काकांसमोर ठेवला.

"झाली सही. उद्या जाऊन आणा."

काका उठून उभे राहिले. साहेबाची सही आली की उभं राहायची जुनी सवय असावी. सही दोनदा वाचली. हातही किंचित थरथरला, असं मला वाटलं. मग तक्त्याला टाचलेलं दरपत्रक त्यांनी उलटं केलं, भिंग काढलं आणि खालची बारीक ओळ वाचली.

"व्हॅलिडिटी पंधरा दिवसांची," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटकेचा जो सूर होता तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "काल संपली."

"मग?"

"फेरनिविदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवीन दर आणायला पिशवी घेऊन निघाले. जातच आहात तर नेहरू प्लेसहून ब्लाऊजला दोन मीटर मोतिया अस्तर आणा, असं सांगून काकूंनी कापडाचा नमुना पिशवीला टाचून दिला. संध्याकाळी काका परतले ते खुशीत. बोर्डाची चार नवी दरपत्रकं मिळाली होती. आणि एका कोऱ्या कागदावर तीन दुकानांच्या अस्तराचे तीन चतकोर तुकडे ओळीने स्टेपल केलेले होते, प्रत्येकाखाली मीटरचा भाव, पन्हा आणि 'रंग पक्का असल्याचं तोंडी आश्वासन', आणि तिसऱ्यासमोर लाल शाईत एल-1, म्हणजे सगळ्यांत कमी दर.

अस्तर काकूंनी सोसायटीच्या फाटकाबाहेरच्या दुकानातून आणलं.